दादा म्हणजे दादाच

जावकरावांनी उभ्या आयुष्यात कधी मत दिलं नव्हतं. ते सगळं साठून राहिलं होतं, आणि साठलेलं कधीतरी बाहेर पडणारच. ते पडलं एका कोरियन रहस्यमालिकेवर. आता यात मालिकेचा काय दोष म्हणा, पण व्हायचं ते झालं.

जावकराव हे त्यांचं आडनाव नव्हे. कचेरीत ते जावक विभाग सांभाळत, म्हणजे बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पत्रावर क्रमांक घालून शिक्का मारत. पत्रात काय लिहिलंय याच्याशी त्यांचा संबंध नसे, आणि तो नसावा याचा त्यांना अभिमानही होता. एकदाच एका नव्या साहेबांनी कचेरीच्या बोळाला कुठला रंग द्यावा यावर सगळ्यांचं मत मागवलं होतं. जावकरावांनी आठवडाभर विचार केला आणि ‘योग्य तो रंग देण्यात यावा’ असं लिहून दिलं. त्या बोळाला अजून रंग लागलेला नाही.

तर मालिका. ती घरात आणली मुलीनं. बोलणं सगळं कोरियन आणि खाली मराठी अक्षरं, अशी व्यवस्था होती. बायकोला लांबचं नीट दिसत नसे, त्यामुळे ती अक्षरं मोठ्यानं वाचून दाखवायचं काम जावकरावांकडे आलं, आणि ते त्यांनी साहेबांचं पत्र वाचावं तशा सुरात केलं. ‘मी तुझ्याशिवाय जगू शकत नाही’ हे वाक्य त्यांच्या तोंडून पाणीपट्टी थकल्याच्या नोटिशीसारखं येई. मुलगी कानाला हेडफोन लावून बसायची.

कोरियन नावं कुणाच्याच लक्षात राहिनात, म्हणून घरात त्यांची आपली नावं पडली. एका बेटावर बर्फाचा कारखाना असतो आणि त्याचा मालक एके दिवशी त्याच्याच बर्फात गोठून मेलेला सापडतो. संशय येतो एका लांब कोटातल्या तरुणावर. तो कोटवाला. बेटावर औषधाचं दुकान चालवणारी एक मुलगी पोलिसांना सांगते, की हा त्या संध्याकाळी सगळा वेळ माझ्या दुकानात बसला होता. ती औषधवाली. पोलीस गेल्यावर ती कोटवाल्याकडे वळते, डोळ्यात पाणी आणते आणि एकच शब्द बोलते. खाली अक्षरं उमटतात, ‘दादा’.

जावकरावांनी तो शब्द वाचला आणि पुढचं वाचायचे थांबले.

“अहो वाचा ना,” बायको म्हणाली.

“वाचायचं काय राहिलंय आता? बहीण आहे ती त्याची. भावाला वाचवायला खोटी साक्ष दिली तिनं. म्हणजे खून त्यानंच केलाय. टीव्ही बंद करा.”

मुलीनं हेडफोन काढला. “बाबा, तिकडे मुली आवडत्या मुलाला दादाच म्हणतात. तशी पद्धत आहे त्यांची. प्रेम आहे ते.”

“मग लिहिणाऱ्यानं ‘अहो’ लिहायला हवं होतं.”

“मी तुम्हाला अहो म्हणते ते काय प्रेमानं?” बायको म्हणाली, आणि हा मुद्दा तिथंच थांबला.

मुलगी काही थांबणारी नव्हती. “भाजीवाला तुम्हाला दादा म्हणतो. रिक्षावाला म्हणतो. ते काय भाऊ आहेत तुमचे?”

“भाजीवाला दादा म्हणतो आणि काटा मारतो. ही दादा म्हणते आणि पोलिसांशी खोटं बोलते. माझ्यासाठी खोटं बोललेला भाजीवाला मला अजून भेटायचाय.”

जावकराव एवढे ठाम का होते, ते सांगायला हवं, नाहीतर तुम्हीही मुलीची बाजू घ्याल. जावकरावांना एक धाकटी बहीण. तिला घरात धाकटीच म्हणत. लहानपणी एकदा वडिलांचा रेडिओ कुणीतरी पाडून फोडला. वडील छडी घेऊन उभे, आणि जावकराव आले बाहेरून खेळून. त्यांनी तोंड उघडायच्या आत ही चिमुरडी मधे येऊन म्हणाली, “दादा तर माझ्याबरोबर होता, मागच्या अंगणात.” वडिलांनी छडी ठेवून दिली. आता गंमत अशी की रेडिओ जावकरावांनी फोडलाच नव्हता. मांजरानं पाडला होता. पण धाकटीनं तेवढीही चौकशी केली नाही. दादावर आलंय ना, मग दादा माझ्याबरोबर होता, संपलं. प्रेयसी आधी विचारेल की तू होतास कुठे, आणि हजार वेळा विचारेल. न विचारता साक्ष देते ती बहीण. हा जावकरावांचा सिद्धांत होता, आणि त्यांच्या मते त्याला कोरियातही अपवाद नव्हता.

मालिकेच्या खाली ‘प्रेक्षकांची मतं’ असा एक रकाना होता. हजारो लोक तिथं आपली मतं टाकत होते आणि सगळ्यांचं म्हणणं एकच, की कोटवाला निर्दोष आहे आणि त्यांचं लग्न व्हावं. एकानं तर औषधवालीच्या साडीचा रंगही सुचवला होता. जावकरावांना हे सहन होईना. एवढी माणसं मत देतायत आणि एकालाही अक्षरं वाचता येत नाहीत? एका दुपारी बायको वामकुक्षीला गेलेली पाहून त्यांनी फोन हातात घेतला आणि आयुष्यातलं पहिलं मत दिलं.

पण जन्मभराची सवय जाते कुठं? त्यांनी वर ‘महोदय’ घातलं. मग ‘विषय: कोटवाल्याने केलेला खून व औषधवालीशी असलेले त्याचे बहीणभावाचे नाते’. मग सविस्तर कारणमीमांसा, रेडिओच्या दाखल्यासह. आणि शेवटी ‘आपला विश्वासू’, पूर्ण नाव, हुद्दा आणि घराचा पत्ता, मजल्यासकट.

संध्याकाळी मुलगी कामावरून आली ती दारातच उभी राहिली. “बाबा, तुम्ही आपला फ्लॅट नंबर टाकलाय.”

“मग? निनावी पत्राची दखल घेत नाहीत.”

“ऑफिसमध्ये सगळ्यांनी वाचलं ते. पुसून टाका. तिथं खाली कचरापेटीचं चित्र आहे ना, ते दाबा.”

“लोकांना आवडलंय,” जावकराव म्हणाले. “बघ, किती हसरे चेहरे आलेत.”

मुलीनं त्यांना हसरा चेहरा आणि हसणारा चेहरा यातला फरक समजावून दिला. जावकरावांनी त्या हसणाऱ्यांच्या गर्दीतून बोट खाली खाली नेलं, तर तळाशी एक अंगठा दिसला. वर केलेला. एकच. ज्यानं तो दिला होता त्यानं नाव लिहिलं नव्हतं, फोटोच्या जागी नुसतं गुलाबाचं फूल होतं.

“हा बघ,” जावकराव म्हणाले. “हा विचारी माणूस दिसतो.” त्या दिवसापासून ते त्याला गुलाबराव म्हणू लागले. त्यांच्या डोळ्यापुढे एक निवृत्त न्यायाधीश उभा राहिला, पांढऱ्या केसांचा, कमी बोलणारा.

इमारतीत बातमी पसरायला जिना पुरेसा असतो, इथं तर लिफ्टही होती. तळमजल्यावरचे दंतवैद्य तर या मालिकेचे पक्के भक्त. जावकरावांच्या दाढेत नेमकी त्याच आठवड्यात कळ आली, याला त्यांचं दुर्दैव म्हणायचं. दंतवैद्यांनी त्यांना खुर्चीत आडवं केलं, तोंडात कापसाचे बोळे कोंबले, लाळ ओढणारी नळी अडकवली आणि मग निवांतपणे विषय काढला.

“वाचलं तुमचं पत्र. माफ करा हं, पण तुमचा पायाच चुकलाय. ती त्याच्याकडे बघते ते बहिणीचं बघणं आहे? तुम्हीच सांगा.”

“अं आं,” जावकराव म्हणाले.

“नाही ना? मलाही तेच वाटतं.”

एखाद्याचं तोंड उघडं ठेवून त्याच्याशी वाद घालणं हा कुठला न्याय? जावकराव खुर्चीत हात हलवू लागले, तर दंतवैद्यांनी दुखतंय असं समजून आणखी एक सुई टोचली. घरी आल्यावरही निम्मा जबडा बधिर होता. ती सगळी संध्याकाळ त्यांनी आपलं म्हणणं बायकोला अर्ध्या तोंडानं सांगितलं, आणि बायकोनं ते अर्ध्या कानानं ऐकलं.

त्यातच धाकटीचा फोन. ती दुसऱ्या गावी असते आणि दर आठवड्याला फोन करते, बहुतेक वेळा काहीतरी बिघडलं म्हणून. या वेळी वॉशिंग मशीन होतं. “दादा,” ती म्हणाली, “ते पाणीच सोडत नाहीये रे.” जावकरावांनी बायकोकडे विजयानं पाहिलं आणि फोनवर हात ठेवून म्हणाले, “ऐकलंस? हाच सूर. औषधवालीचा हुबेहूब हाच सूर.” मग त्यांनी मशीनची नळी कशी काढायची ते अर्ध्या तोंडानं सांगितलं. मालिकेबद्दल धाकटी काही बोलली नाही, तेव्हा त्यांनीही विषय काढला नाही. आपल्या माणसाकडूनही हसं करून घ्यायची त्यांची तयारी नव्हती.

आणि मग शेवटच्या भागाच्या आठवड्यात मालिकावाल्यांकडून संदेश आला. ‘आपल्या मतात रहस्यभंग आढळल्याने ते इतर प्रेक्षकांपासून झाकण्यात येत आहे.’

मुलीनं सुटकेचा निश्वास टाकला. जावकरावांनी मात्र तो संदेश उभं राहून वाचला. मग परत वाचला. त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ते लग्नाच्या फोटोतही नाही, हे बायकोनं नंतर स्वतः कबूल केलं.

“‘आढळल्याने’ लिहिलंय,” ते म्हणाले. “‘वाटल्याने’ नाही. ‘आढळल्याने’ केव्हा लिहितात ठाऊक आहे का तुम्हाला? तपासणी होऊन वस्तू सापडली की. त्यांना शेवट माहीत आहे, त्यांनी माझं मत शेवटाशी ताडून बघितलं आणि रहस्य सापडलं. म्हणून झाकलं. खून कोटवाल्यानंच केलाय. लेखी आलंय.”

आणि तिथंच घोटाळा झाला. कारण जावकरावांनी हा संदेश घेऊन जिन्यानं एकेक मजला उतरत प्रत्येक दार वाजवलं. जी माणसं काल त्यांना वेड्यात काढत होती, तीच माणसं आज तो संदेश वाचून लाल झाली. दंतवैद्य म्हणाले, “एवढे दिवस जीव लावून बघितली आणि तुम्ही शेवट सांगून टाकलात?” काल चूक म्हणून शिव्या, आज बरोबर म्हणून शिव्या. माणसानं करायचं काय? दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या सेक्रेटरींनी फळ्यावर सूचना लावली, की सभासदांनी जिना, लिफ्ट व गच्ची या सामायिक जागांत कोणत्याही मालिकेविषयी मत व्यक्त करू नये. नाव घातलं नव्हतं. पण लिफ्टमध्ये जावकराव शिरले की लोक कानावर हात ठेवत.

जावकराव चिडले. सूचनेचं त्यांना एवढं वाटलं नाही, पण मत झाकलेलं राहतंय याचा राग आला. ज्या मताला खुद्द मालिकेच्या कचेरीनं बरोबर ठरवलं, ते झाकून ठेवायचं आणि साडीचे रंग सुचवणारे उघडे हिंडणार? त्यांनी मदत केंद्राला फोन लावला. बरंच संगीत ऐकल्यावर एक मुलगी बोलली.

“सर, तुमचं मत परत दाखवता येईल,” ती म्हणाली. “फक्त खाली एक ओळ घाला, की हा माझा अंदाज आहे आणि तो चुकीचा असू शकतो.”

“पण तो चुकीचा नाही.”

“मग तो रहस्यभंग होतो सर.”

“म्हणजे मी चुकलो असं लिहून दिलं तर तुम्ही मला बोलू देणार, आणि बरोबर असलो तर गप्प बसवणार?”

मदत केंद्रातली मुलगी म्हणाली, “हो सर, तसंच आहे ते.”

स्पीकरवरचं हे सगळं ऐकत बायको शेजारीच उभी होती. तिनं खुणेनं सांगितलं, लिहा एकदाचं आणि मोकळे व्हा. घरच्या मुलीनं तर कागदावर ती ओळ लिहून समोर धरली. जावकराव त्या कागदाकडे बघत राहिले. आजवर असल्या ओळी लिहिलेली कितीतरी पत्रं त्यांच्या हाताखालून गेली होती, ‘चूकभूल द्यावी घ्यावी’, ‘वरिष्ठांच्या निर्णयाच्या अधीन राहून’. सगळ्यांवर त्यांनी मुकाट्यानं शिक्का मारला होता. पण ती पत्रं दुसऱ्यांची होती. हे मत त्यांचं होतं, पहिलं आणि एकुलतं एक, आणि त्याच्या गळ्यात ही ओळ बांधायला त्यांचा हात धजेना.

“झाकलेलं राहू द्या,” ते फोनवर म्हणाले. “झाकलं म्हणून ते खोटं होत नाही. नमस्कार.”

शेवटचा भाग रविवारी दुपारी आला. सेक्रेटरींच्या घरचा टीव्ही नेमका बिघडला, दंतवैद्यांना एकट्यानं बघवेना, आणि जावकरावांनी स्वतःच सगळ्यांना बोलावलं. एवढा मान त्यांना परत कधी मिळणार होता? बायकोनं चहा टाकला. जावकराव टीव्हीजवळच्या खुर्चीत बसले आणि खणखणीत आवाजात अक्षरं वाचू लागले.

पहिला धक्का लवकरच बसला. मेलेल्या मालकाला एक जुळा भाऊ निघाला. आधीच्या एकाही भागात त्याचा उल्लेख नाही, आला तो सरळ होडीतून उतरला आणि म्हणाला, खून मीच केला. जावकरावांनी ते वाक्य वाचलं, पण त्यांचा आवाज बसत गेला. त्यांना अजून एक आशा होती, की खून नाही तर नाही, नातं तरी राहील. मग चर्चची घंटा वाजली. औषधवाली पांढऱ्या झग्यात आली, कोटवाला पांढऱ्या कोटात आला, आणि दोघांचं लग्न लागलं. अंगठी घालताना ती त्याला परत तोच शब्द म्हणाली. खाली अक्षरं आली.

ती वाचायचं काम जावकरावांचं होतं. सगळी खोली त्यांच्याकडे बघत होती.

“दादा,” जावकरावांनी वाचलं.

दंतवैद्य आधी हसले. मग सेक्रेटरी, मग मुलगीही, आणि शेवटी पदर तोंडाला लावून बायको. त्याच वेळी फोन वाजला. संदेश होता, ‘फेरतपासणीत आपल्या मतात कोणतेही रहस्य आढळून न आल्याने ते पुन्हा सर्वांसाठी खुले करण्यात येत आहे.’ पुन्हा ‘आढळून’ होतं. लेखी होतं.

मंडळी गेली. मुलगी शेजारी येऊन बसली. तिचं हसू आता संपलं होतं. “बाबा, पुसून टाका ना. आता तर सगळं जग बघणार. मला नाही आवडत लोक तुम्हाला हसलेले.” तिचा आवाज खरंच रडवेला होता. जावकरावांनी फोन घेतला. हसणारे चेहरे एकामागून एक येत होते. कचरापेटीचं चित्र समोर होतं आणि त्यांचं बोट त्याच्यावर येऊन थांबलं. एकदा दाबायचा अवकाश, की ते पुन्हा मत नसलेले जावकराव झाले असते. कुणाला काही कळलंही नसतं.

“शेवट चुकलाय,” ते हळूच म्हणाले.

“काय?”

“लेखकाचा शेवट चुकलाय. जुळा भाऊ कुठून आणला? खरा भाऊ म्हणून दाखवला, त्याला एकदा तरी कुणी दादा म्हणालं का? नाही. ज्याला ती दादा म्हणाली त्याचं लग्न लावून दिलं. चूक लेखकाची आहे, ती मी कशाला पुसू?”

“पण बाबा, तुमच्या बाजूनं कुणीच नाहीये.”

“गुलाबराव आहेत,” जावकराव म्हणाले. अंगठा अजून जागेवर होता. हजार हसणाऱ्यांतही तो निवृत्त न्यायाधीश काही हललेला नव्हता.

तेवढ्यात धाकटीचा फोन आला. वॉशिंग मशीननं आता पाणी सोडलं होतं, पण ते खोलीभर. जावकरावांनी नळी परत कशी लावायची ते सांगितलं. मग काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांनी विचारलं, “ती कोरियन मालिका बघितलीस का गं?”

“कुठली? छे रे, मला कुठं वेळ.” मग ती म्हणाली, “हां, ते तू लिहिलंयस तीच का? तुझ्या लेकीनं मला पाठवलं होतं, आत्या बघ बाबांनी काय केलंय म्हणून. तुझं नाव दिसलं आणि खाली सगळे मेले हसत होते. म्हणून मी तो अंगठा दाबला.”

जावकराव खुर्चीत सरळ झाले. “तुझा फोटो कुठला आहे तिथं?”

“गुलाब आहे. कुंडीतला. का रे?”

“म्हणजे तू वाचलंस आणि तुला पटलं.”

“वाचलं कुठं? केवढं लांब लिहिलंयस ते. काय आहे त्यात?”

“न वाचताच दाबलास?”

“मग काय झालं?” धाकटी म्हणाली. “तुझं नाव होतं ना दादा.”

फोन ठेवल्यावर जावकरावांनी चष्मा काढून डोळे पुसले, आणि ते पुसताहेत हे लपवायचीही तसदी घेतली नाही. मग त्यांनी चष्मा परत चढवला आणि आपल्या पहिल्या मताखाली दुसरं मत लिहायला घेतलं. महोदय. विषय: पूर्वीच्या मतास पुष्टी देणारा पुरावा.

मुलगी खांद्यावरून वाकून वाचत होती. पत्ता लिहायची वेळ आली तेव्हा तिनं हळूच विचारलं, “फ्लॅट नंबर घालायलाच हवा का बाबा?”

“मजल्यासकट,” जावकराव म्हणाले, आणि लिहीत राहिले, ‘सदर प्रकरणी बहीण आढळली आहे. मत कायम.’